उंडेरा, १८९८: हाफकिन यांच्या प्लेग-लशीची बडोद्याजवळ झालेली परीक्षा

बडोद्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे ठरलेले विषय निघतात. लक्ष्मीविलास राजवाडा, कलाभवन, ग्रंथालयं, सक्तीचं शिक्षण, दरबारातले गवई. यातलं काहीच खोटं नाही. पण शहरापासून जेमतेम सहा मैलांवर असलेल्या एका खेड्यात १८९८ साली एक वैद्यकीय प्रयोग झाला, त्याचे आकडे लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर वाचले गेले, आणि त्या खेड्याचं नाव आज बडोद्यातल्या बडोदेकरालाही या संदर्भात माहीत नसतं. ते खेडं म्हणजे उंडेरा. जुन्या इंग्रजी अहवालांत ते ‘उंढेरा’ असं येतं. आज ते कोयलीच्या रिफायनरीच्या पट्ट्यात आहे, आणि २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीतही आलं.

मी डॉक्टर नाही. कारखान्यात यंत्रं आणि त्यांच्या चाचण्या यांच्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे या प्रयोगाकडे मी बघतो ते ‘चाचणी नीट घेतली होती का?’ या नजरेनं. आणि खरं सांगायचं तर उंडेऱ्याची गोष्ट त्याच नजरेनं जास्त कळते.

हाफकिन हा माणूस

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसाला, एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचं, गुरू मेचनिकॉफ. झारच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात पुढे जाणं कठीण, शिवाय विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्यामुळे अटकही झालेली. शेवटी देश सोडून आधी जिनिव्हा आणि मग १८८९ मध्ये पॅरिसची पाश्चर संस्था. तिथे त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथालयात. त्या नोकरीत राहून त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. त्यांच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवावी. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या गोऱ्या डॉक्टरांना हा परदेशी, पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ कधीच पुरता आपला वाटला नाही. ही अढी पुढे त्यांना फार महागात पडली.

कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लस टोचताना त्यांना एक गोष्ट हाती लागली. १८९४ मध्ये कट्टलबागान वस्तीत पटकी सुरू झाली. तिथल्या साधारण दोनशे लोकांपैकी ११६ जणांना त्यांनी लस दिली. त्यानंतर जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचं पाणी पिणारे दोन गट, आणि फरक फक्त लशीचा! असं असेल तरच लशीचा गुण खात्रीनं कळतो, हे त्यांच्या मनात तिथे पक्कं झालं असावं, कारण पुढची दहा वर्षं ते असेच गट शोधत राहिले.

मुंबईत प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. हे डॉ. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. ऑक्टोबरात सरकारनं हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढी प्रयोगशाळा. तीन महिन्यांच्या आत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी, पुन्हा तसंच, पहिली टोचणी त्यांनी स्वतःला करून घेतली.

ही लस बनायची कशी, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगता येतं. काचेच्या चंबूत मांसाचा अर्क घ्यायचा. हिंदूंना गाईचं आणि मुसलमानांना डुकराचं चालणार नाही, म्हणून बोकडाच्या मांसाचा अर्क वापरायची रीत त्यांनी बसवली. त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तूप पृष्ठभागावर तरंगतं, आणि प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळे लोंबतात तसे. अधूनमधून चंबू हलवायचा, म्हणजे सुळे तुटून खाली बसतात आणि नवे वाढू लागतात. असं काही आठवडे चालू ठेवायचं. मग तासभर तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. लशीत जिवंत जंतू नाही, मेलेले जंतू आणि त्यांचं विष.

पहिली परीक्षा भायखळ्याच्या तुरुंगात झाली. जानेवारी १८९७ च्या अखेरीस तिथे प्लेग शिरला तेव्हा साधारण निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली. लस न घेतलेल्यांत १२ आजारी पडले आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ आजारी पडले, दगावलं कोणी नाही. आकडे चांगले, पण लहान.

दमणचे मोठे आकडे आणि त्यातली गोम

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या दमणमध्ये प्लेगनं हाहाकार केला. तिथे लोअर दमण म्हणून जो भाग अहवालात येतो, त्याचे आकडे असे:

लस घेतलेले २,१९७, पैकी मृत्यू ३६.
लस न घेतलेले ६,०३३, पैकी मृत्यू १,४८२.

म्हणजे लस न घेतलेल्यांत शंभरात जवळजवळ २५ मेले आणि घेतलेल्यांत शंभरात दीडएक. हे वाचून कोणाचंही मत लशीच्या बाजूनं झुकेल. पण चाचणी घेणारा माणूस इथे थांबतो आणि विचारतो, लस घ्यायला आलं कोण?

दमणमध्ये लस ऐच्छिक होती. जो आला त्याला टोचली. आता कोण येतो? ज्याच्याकडे वेळ आहे, ज्याचा सरकारी डॉक्टरवर थोडाफार विश्वास आहे, बहुधा ज्याचं घर जरा बरं आहे. जो अंगात ताप घेऊन पडलाय तो येत नाही. शिवाय लस देणं महिनोन् महिने चालू होतं. साथीच्या सुरुवातीला मेलेला माणूस ‘लस न घेतलेल्या’च्या रकान्यात कायमचा गेला. तो जगला असता तर महिन्यानं कदाचित लस घेऊन दुसऱ्या रकान्यात दिसला असता. दोन्ही गोष्टींनी लशीचा गुण फुगून दिसतो. किती फुगतो, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही.

कारखान्यात नवा पंप चांगला की जुना, हे बघताना नवा पंप स्वच्छ पाण्यावर आणि जुना गाळाच्या पाण्यावर चालवून निकाल दिला, तर तो कोणी मानणार नाही. दमणचं दुखणं हेच. हाफकिन यांचे टीकाकारही हेच म्हणत होते.

बेळगावच्या छावणीत १८९७ च्या अखेरीस पलटणीला लस टोचली गेली, १८९८ मध्ये हुबळीत तर शहरातल्या बहुसंख्य लोकांना. सीमाभागातल्या आपल्या मंडळींनी यावर स्वतंत्रपणे लिहावं इतका तो विषय मोठा आहे. पण शंकेला पुरं उत्तर मिळालं ते उंडेऱ्यात.

उंडेरा

१८९८ च्या सुरुवातीला उंडेऱ्यात मरकी, म्हणजे प्लेग, आधीच शिरलेला होता. उंदीर पडले होते, माणसं मेली होती. १२ फेब्रुवारी १८९८ रोजी हाफकिन आणि त्यांच्याबरोबर सरकारी वैद्यकीय अधिकारी गावात आले. संस्थानच्या अधिकाऱ्यांनी गावाची घरवार यादी आधीच करून ठेवलेली होती. गल्लीगल्लीनं, एकेक कुटुंब समोर बोलावण्यात आलं. आणि मग जे झालं ते तोवर कोणी केलं नव्हतं: प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना टोचली नाही. बायका, पुरुष, मुलं, म्हातारे, धडधाकट, अशक्त, सगळे दोन्ही बाजूंना शक्य तितके सारखे पडतील असं बघितलं. एकंदर ५१३ जणांना लस मिळाली.

इथे सगळी गंमत ‘कुटुंबातल्या निम्म्यां’त आहे. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत ते दाखवलं ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे उंडेऱ्यानंतर चार महिन्यांनी. पण कारण ठाऊक नसलं तरी बिघडलं नाही. एकाच छपराखाली, एकाच ओसरीवर झोपणारे, एकाच कोठीतलं धान्य खाणारे, त्याच उंदरांच्या सोबतीनं राहणारे दोन गट केले, की रोग हवेतून येवो, जमिनीतून येवो वा पिसवेतून, दोघांना धोका सारखाच. श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ, हे सगळे फरक आपोआप छाटले गेले. चाचणीची अशी मांडणी जमली, की न कळलेल्या कारणांचाही बंदोबस्त होतो.

नंतर पुन्हा घरोघर जाऊन हिशेब घेतला गेला. लस दिल्यानंतर प्लेग २८ कुटुंबांत आला होता. त्या कुटुंबांचा ताळेबंद असा:

लस न दिलेले ६४. आजारी २७, मृत्यू २६.
लस दिलेले ७१. आजारी ८, मृत्यू ३.

मृत्यूचं प्रमाण शंभरात ४०.६ वरून ४.२ वर आलं, म्हणजे जवळजवळ ९० टक्के घट. आजारी पडण्याचं प्रमाण ४२ वरून ११ वर. आणि तिसरी गोष्ट, जी पटकन नजरेत भरत नाही: लस न घेता जे आजारी पडले त्यांतला फक्त एक वाचला. लस घेऊनही जे आजारी पडले त्यांतले आठापैकी पाच वाचले. म्हणजे लस दोन पातळ्यांवर काम करत होती, आधी रोग अडवत होती, आणि अडवता आला नाही तर सौम्य करत होती.

हा नुसता योगायोग असेल का? मी हिशेब करून बघितला. लशीत काहीच गुण नसता, तर एकूण २९ मृत्यूंपैकी ७१ जणांच्या वाट्याला साधारण १५ यायला हवे होते. आले ३. एवढा फरक निव्वळ नशिबानं पडण्याची शक्यता लाखात एकही नाही. मौज अशी, की हा हिशेब करायची जी रीत आज महाविद्यालयात शिकवतात, ती कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग कसोटी १९०० मध्ये प्रसिद्ध झाली. हाफकिन यांच्याजवळ ती नव्हती. त्यांच्याजवळ होती फक्त नीट घेतलेली चाचणी, आणि ती पुरेशी ठरली.

उणीवही सांगायला हवी. कोणाला टोचायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, अधिकाऱ्यांनी समोर बघून ठरवलं होतं. नकळत जरा धट्टेकट्टे लोक लशीच्या बाजूला गेले असतील, ही शंका पूर्ण जात नाही. पण ४० आणि ४ मधलं अंतर एवढ्यानं भरून निघणारं नाही.

त्या ६४ जणांचं काय?

इथपर्यंत वाचून इंजिनिअर खूश होतो. माणूस म्हणून मात्र थोडं थांबावं लागतं.

त्या निम्म्यांना लस का दिली नाही? लस संपली होती म्हणून नाही. तुलना करता यावी म्हणून. त्यांतले २६ मेले. एका घरात आईला टोचली आणि मुलाला नाही, भावाला टोचली आणि बहिणीला नाही, असं २८ घरांत झालेलं आहे. आणि विचारलं कोणाला? संस्थानचा हुकूम, साहेबांची टोळी, हातात यादी. त्या काळच्या खेड्यात अशा वेळी ‘नको’ म्हणायची सोय किती होती, हे वेगळं सांगायला नको.

हे घडत होतं तो काळही आठवावा. मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चापेकरांनी रँडला गोळ्या घातल्या, कारण सोजिरांची घरझडती लोकांना रोगापेक्षा जाचक झाली होती. सरकारी डॉक्टर म्हणजे घर उघडं करणारा, माणूस उचलून नेणारा, अशी धास्ती सगळीकडे होती. टोचणीविषयी अफवांना तर ऊत आला होता.

दुसऱ्या बाजूनं बोलायचं तर फेब्रुवारी १८९८ मध्ये लशीचा गुण वादातच होता. ती सगळ्यांना टोचली असती आणि साथ ओसरली असती, तर विरोधक म्हणाले असते, साथ ओसरायचीच होती. मग हुबळी, धारवाड, पंजाब इथल्या लाखोंना लस द्यावी की नाही, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला असता. आजही नव्या औषधाच्या चाचणीत एका गटाला ते औषध मिळत नाही. फरक एवढाच, की आज माणसाला आधी सांगावं लागतं, त्याची संमती घ्यावी लागते, आणि निकाल स्पष्ट दिसू लागला की चाचणी थांबवून सगळ्यांना औषध द्यावं लागतं. हे नियम कोणी हवेतून काढले नाहीत. उंडेऱ्यासारख्या ठिकाणी जे अपुरं राहिलं त्यातून, आणि पुढे त्याहून फार वाईट गोष्टी घडल्या त्यातून, ते आले.

माझं मत विचाराल तर, प्रयोग गरजेचा होता आणि त्या ६४ जणांवर अन्यायही झाला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक मान्य करण्यासाठी दुसरी पुसायची गरज नाही.

क्षयाच्या संशोधनाशी नातं

उंडेऱ्याची मांडणी किती पुढची होती हे क्षयरोगाच्या इतिहासाशेजारी ठेवलं की कळतं. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्यूबरक्युलिन हे क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केलं. नाव एवढं मोठं, की युरोपभरातून रोगी बर्लिनकडे धावले. तुलनेसाठी औषध न दिलेला गट मात्र नव्हता. वर्षभरात कळलं की औषध बरं करत नाही, काही जणांना तर ते बाधलं. पुढे ते निदानाच्या कामी आलं, ही गोष्ट निराळी.

क्षयावर खऱ्या अर्थानं काटेकोर चाचणी झाली ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनची स्ट्रेप्टोमायसिनची. १०७ रोगी, कोणाला औषध द्यायचं ते यादृच्छिक आकड्यांनी ठरवलेलं. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ गेले, फक्त अंथरुणावर विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. उंडेऱ्यातली चिठ्ठ्या न टाकण्याची उणीव इथे भरून निघाली. मध्ये पन्नास वर्षं गेली होती.

आणि आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर तामिळनाडूतल्या चिंगलपट भागातली बीसीजीची चाचणी, १९६८ पासून सुरू झालेली, अडीच लाखांहून जास्त लोकांची. तिचा निकाल आला की मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर बीसीजीचा उपयोग दिसत नाही. निराशाजनक, पण खरा. नीट घेतलेली चाचणी आपल्याला हवं तेच उत्तर देईल असं नसतं.

मुल्कोवाल आणि नंतर

हाफकिन यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशननं बऱ्याच ठिकाणच्या नोंदींत खोट काढली, पण लस रोग आणि मृत्यू दोन्ही कमी करते हे मान्य केलं.

मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून, ‘५३ एन’ मधून, ज्या १९ जणांना लस मिळाली ते सगळे धनुर्वातानं गेले. चौकशीत बोट दाखवलं गेलं हाफकिन यांच्या प्रयोगशाळेकडे, त्यांनी बाटल्यांत कार्बोलिक आम्ल घालणं बंद केलं होतं म्हणून. त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे तपासात दिसलं की बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता. दोष बाटली भरण्यातला नव्हे, उघडण्यातला. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंतांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते दोषमुक्त झाले. परत कलकत्त्याला रुजू झाले, पण लशीचं मोठं काम पुन्हा हाती आलं नाही. १९१४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला आणि १९३० मध्ये लोझानला ते वारले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, ते त्यांच्या हयातीत, एवढं समाधान.

मुल्कोवालच्या १९ जणांमुळे लशीवरचा लोकांचा विश्वास पंजाबात कोसळला. उंडेऱ्यातल्या ७१ जणांनी जे सिद्ध केलं होतं ते एका चिमट्यानं मागे ढकललं. आकड्यांवर बसलेला विश्वास आणि माणसांच्या मनातला विश्वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही खरं होतं आणि कोरोनाच्या वर्षांत आपण सगळ्यांनी ते पुन्हा पाहिलं.

आपण काय करू शकतो

परळला हाफकिन यांचं नाव आहे. उंडेऱ्यात या प्रयोगाची आठवण ठेवणारी एखादी साधी पाटी असावी, असं मला वाटतं. ती पाटी हाफकिन यांच्या नावाची नको, गावाची असावी. त्यावर साल असावं, २८ कुटुंबं असावीत आणि दोन्ही ओळी असाव्यात, ७१ ची आणि ६४ ची.

बडोद्यातल्या जुन्या मराठी आणि गुजराती घरांत त्या काळच्या चोपड्या, पत्रं, वहिवाटदार कचेरीतल्या नकला अजून माळ्यावर पडलेल्या असतात. संस्थानी नोकरीत असलेल्या पणजोबा-खापरपणजोबांचे १८९७ ते १९०० या वर्षांतले कागद कोणाकडे असतील, तर ते रद्दीत घालण्याआधी एकदा बघा. त्यात ‘मरकी’, ‘टोचणी’, ‘उंडेरा’ असे शब्द दिसले तर मंडळाला जरूर कळवा. कागद तुमच्याकडेच राहतील, आम्ही फक्त फोटो काढून घेऊ.